पोटगी आणि छप्पर

शाहबानो खटल्यावर मराठीत आजवर किती लेख लिहिले गेले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. दरमहा पंचवीस रुपयांची पोटगी, २३ एप्रिल १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, त्यानंतर निघालेले मोर्चे, १९८६ चा कायदा ही सारी हकिकत या अंकाच्या वाचकांना तोंडपाठ आहे. ती येथे पुन्हा उगाळण्याची आमची इच्छा नाही. परंतु निकालपत्राच्या आरंभी, खटल्याची पार्श्वभूमी सांगताना एक साधे वाक्य येऊन गेले आहे. त्याकडे ना शरीयत बचाववाल्यांनी लक्ष दिले, ना सुधारकांनी. १९३२ साली लग्न होऊन इंदूरच्या एका वकिलाच्या घरी आलेल्या, तीन मुलगे आणि दोन मुलींची आई असलेल्या या बाईला १९७५ साली नवऱ्याने घराबाहेर काढले, असे ते वाक्य आहे.

तलाक दिला गेला तो ६ नोव्हेंबर १९७८ रोजी. म्हणजे घराबाहेर काढणे आणि तलाक यांत तीन वर्षांचे अंतर आहे. या तीन वर्षांत ती तलाकशुदा नव्हती, रीतसर पत्नी होती. कोणत्याही मसलकाचा फिक्ह उघडून पाहा, पत्नीच्या नफक्यात अन्न आणि वस्त्र यांच्या जोडीने सुकना, म्हणजे राहण्याची जागा येतेच. तेव्हा १९७५ साली जे घडले ते शरीयतीच्या विरुद्ध होते आणि देशाच्या कायद्यात त्यावर उपाय नव्हता. पुढे दहा वर्षांनी सारा देश तिच्या पोटगीवर भांडला. इद्दतीनंतर पैसे द्यायचे की नाहीत, या प्रश्नावर खासदारांची भाषणे झाली. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर दार लावून घेतले गेले, तेव्हा ती बाई कुठे गेली हे मात्र कोणी विचारले नाही.

आम्ही येथे त्याच प्रश्नाचा इतिहास मांडू इच्छितो. नवऱ्याने मारून वा हाकलून दिलेली बाई त्या रात्री झोपते कुठे, आणि तिच्या झोपण्याची सोय सरकारने कधी, कशी केली? पोटगीच्या इतिहासापेक्षा हा इतिहास वेगळा आहे, आणि त्याच्याहून बराच दरिद्री आहे.

पोटगीचे कलम हिंदुस्थानात आले ते इंग्रजांच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून. १८७२ ची संहिता विधिमंडळात मांडणारे सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदीचा हेतू फार मोकळेपणाने सांगून ठेवला आहे. बायकामुलांवर दया म्हणून ती आणलेली नव्हती. टाकलेली बाई आणि पोरे रस्त्यावर भटकू लागतात, त्यातून भीक, चोरी आणि अनाचार वाढतो, तेव्हा भटकेपणाला किंवा निदान त्याच्या परिणामांना आळा बसावा, हा हेतू होता. म्हणूनच ही तरतूद दिवाणी कायद्यात न येता पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्या कायद्यात आली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद तिने केला नाही, याचे कारणही तेच. रस्त्यावर भटकणाऱ्याचा धर्म पोलिसाला नको असतो.

१८९८ च्या संहितेत हे कलम ४८८ झाले. पोटगीची कमाल मर्यादा महिना पन्नास रुपये होती. १९२३ साली ती शंभरावर गेली, १९५५ साली पाचशेवर. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा आकडा १२५ झाला, 'पत्नी' या शब्दात तलाकशुदा स्त्रीही आली, पण पाचशेची मर्यादा तशीच राहिली. ती हटली २००१ साली. सेहेचाळीस वर्षे पाचशे रुपये! २००१ साली मुंबईत पाचशे रुपयांत खोली सोडाच, खोलीतला कोपराही भाड्याने मिळत नव्हता. अर्थात कायद्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. बाईने उपाशी राहून भीक मागू नये, एवढीच त्याची काळजी होती.

आणि मागितलीच तर? त्याचीही सोय होती. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ साली झाला. भीक मागणारा कोण, याच्या व्याख्येत प्रत्यक्ष हात पसरणारा तर येतोच, पण उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणारा वा थांबणारा, की तो भिकेवर जगत असावा असे वाटेल, तोही येतो. नवऱ्याने हाकललेली, माहेरी जागा नसलेली, लेकरू कडेवर घेऊन रेल्वेच्या फलाटावर किंवा दर्ग्याच्या पायरीवर बसलेली बाई या व्याख्येत आपोआप बसते. वॉरंटाशिवाय अटक, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. सरकारने निराधार बाईला छप्पर दिलेच नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही. हा कायदा मुंबई राज्याचा, पण पुढे दिल्लीनेही तो उचलला. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमे दिल्लीपुरती रद्द ठरवली.

ज्या इंग्लंडने आपल्याला ही भटकेपणाची दृष्टी दिली, त्याने स्वतः ती सत्तरच्या दशकात बदलली, हेही नोंदवले पाहिजे. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात मार खाणाऱ्या बायकांसाठी एक घर उघडले गेले आणि तिथे इतक्या बायका आल्या की सरकारला डोळेझाक करता येईना. १९७६ च्या कायद्याने मारकुट्या नवऱ्यालाच घराबाहेर ठेवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. १९७७ च्या बेघरांसाठीच्या कायद्याने तर व्याख्याच बदलली. डोक्यावर छप्पर आहे, पण त्या छपराखाली गेले तर मार पडेल, अशी बाई बेघरच समजावी आणि नगरपालिकेने तिची राहण्याची सोय करावी, असे त्या कायद्याने सांगितले. आपल्याकडे त्याच सुमारास शाहबानोला घराबाहेर पडून दोन वर्षे झाली होती.

आता शरीयतीकडे वळू. कारण वाद जेव्हा पेटला तेव्हा तिच्याच नावाने पेटला. पवित्र कुरआनातील सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत तलाकचा विषय निघताच इद्दतीच्या गणनेपाठोपाठ जी आज्ञा येते ती पैशाची नसून घराची आहे. स्त्रियांना त्यांच्या घरांतून बाहेर काढू नका, असे ती सांगते. घर नवऱ्याने बांधलेले असले तरी आयतीत ते 'त्यांचे', म्हणजे स्त्रियांचे म्हटले आहे. तफसीरकारांनी या शब्दावर पुष्कळ लिहिले आहे. पुढे सहाव्या आयतीत, आपल्या ऐपतीप्रमाणे जिथे तुम्ही राहता तिथे त्यांना ठेवा, त्यांना तंग करून जगणे कठीण करू नका, असे सांगितले आहे. खर्चाची गोष्ट त्यानंतर येते.

फुकहांमध्ये मतभेद आहेत ते खर्चाबद्दल अधिक, घराबद्दल कमी. कायमचा तलाक झालेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रीला इद्दतीत काय मिळावे? हनफी म्हणतात, घर आणि खर्च दोन्ही. शाफई म्हणतात, खर्च नाही पण घर मिळालेच पाहिजे. हंबली मात्र दोन्ही नाकारतात. आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणजे रत्नागिरीच्या आणि सोलापूरच्या आलिमांत भाकरीवर मतभेद होऊ शकेल, छपरावर होणार नाही. असे असून १९८५-८६ च्या गदारोळात 'इद्दतीपुरती पोटगी' हेच दोन शब्द घोषणेत राहिले. इद्दतीत तरी तिला तिच्याच घरात राहू द्या, असा फलक घेऊन एकही मोर्चा निघाल्याचे आम्हांला आढळले नाही.

मुस्लिम इतिहासात अशा स्त्रियांसाठी सत्तेने घर बांधल्याचे उदाहरणच नाही, असा कोणाचा समज असेल तर त्याने मक्रीझीचे कैरो शहराचे वर्णन पाहावे. मम्लूक सुलतान बैबर्सची मुलगी तिज़कारबाई खातून हिने हिजरी ६८४, म्हणजे इ.स. १२८५ च्या सुमारास कैरोत एक रिबात उभारला. बगदादच्या शेखा ज़ैनब या विदुषी तिथल्या प्रमुख, म्हणून त्याचे नाव रिबात अल्-बगदादिया. तलाक झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत, पुन्हा लग्न होईपर्यंत किंवा नवऱ्याकडे परत जाईपर्यंत. शिस्त कडक होती, पण छप्पर पक्के होते, आणि त्याच्या मागे राजघराण्याचा पैसा होता. मक्रीझीच्या काळापर्यंत त्याला उतरती कळा लागली होती.

महाराष्ट्रात हे काम सरकारने नव्हे, सुधारकांनी सुरू केले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे पुण्यातले बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ चे, पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ चे, कर्व्यांचा विधवाश्रम १८९६ चा. ही सारी घरे मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवेच्या दुःखातून निघाली. मुस्लिम समाजात विधवाविवाहाला बंदी नव्हती, त्यामुळे विधवाश्रमाची निकड तशी भासली नाही, हे खरे. पण तलाक झालेल्या बाईचे काय? दानशूर मेमण, बोहरी, कोकणी व्यापाऱ्यांनी मदरसे काढले, यतीमखाने काढले, हजयात्रेकरूंसाठी मुसाफिरखाने बांधले. मुंबईतला साबू सिद्दीक मुसाफिरखाना सर्वांना ठाऊक आहे. हजला निघालेल्या अनोळखी माणसाने रात्र कुठे काढावी याची चिंता ज्या समाजाने केली, त्याने घराबाहेर काढलेल्या आपल्याच बाईसाठी माहेर हे एकच उत्तर धरून ठेवले. माहेरी बाप जिवंत असेल आणि भावजय समजूतदार असेल तर ते उत्तर चालते.

हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, समान नागरी कायदा यावा, अशा मागण्या होत्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नोव्हेंबर १९८५ मध्ये मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला आणि वाटेत त्याला कडवा विरोध झाला. या चळवळीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दलवाईंशी मतभेद असणाऱ्यांनीही ते मान्य केले पाहिजे. तिचा भर मात्र तलाकच्या शब्दावर होता. तो उच्चारला जाऊ नये, उच्चारला तर तो अवैध ठरावा. आमच्या मते इथे एक गोष्ट निसटली. बाईला घराबाहेर काढायला तलाक लागतच नाही. दार लावून घेतले की पुरे. हिंदू समाजात तलाकचा शब्द नसताना टाकलेल्या बायांची संख्या कमी नव्हती, हे अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरला १९८८ साली भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने दाखवून दिले. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून जी चळवळ उभी केली तिच्या मागण्या फार साध्या होत्या. रेशनकार्ड बाईच्या स्वतःच्या नावे हवे, राहायला घर हवे. सांगली-सातारा भागात इंदूताई पाटणकर यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनेही परित्यक्तांसाठी घराच्या जागेची मागणी लावून धरली. रेशनकार्डाची मागणी शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. पण नाव सासरच्या कार्डावर अडकलेले असले की बाईला धान्यही मिळत नाही आणि आपण कुठे राहतो याचा पुरावाही देता येत नाही.

हा पुराव्याचा काटा सरकारी मदतीच्या वाटेवर सगळीकडे पसरलेला आहे. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. कोकणातल्या आंबेत गावच्या या माणसाच्या कारकिर्दीबद्दल बरेवाईट पुष्कळ बोलले जाते. पण विधवा, अपंग, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रियांना दरमहा सरकारी तिजोरीतून काही देणारी ही योजना त्यानंतर एकाही सरकारला बंद करता आली नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. २०२३ साली तिची रक्कम दीड हजार झाली. मात्र अर्जाबरोबर महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. जिला घरच नाही तिने वास्तव्य सिद्ध करायचे आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तिच्या यादीत परित्यक्ता आणि निराधार स्त्रियाही आहेत, रक्कम तीच, दीड हजार. पैसा बाईच्या हाती येतो ही गोष्ट लहान नाही, आम्ही तिची टिंगल करणार नाही. पण दीड हजारात खोली येत नाही.

१९८६ च्या कायद्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्याच्या एका कलमात महाराष्ट्राची अशी काही थट्टा झाली की तिची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. तलाकशुदा स्त्रीला इद्दतीनंतर स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर तिच्या संपत्तीचे जे नातेवाईक वारस होतील त्यांनी तिला पोसावे, तेही असमर्थ असतील तर राज्याच्या वक्फ मंडळाने पोसावे, असे या कायद्याचे चौथे कलम सांगते. ऐकायला भले वाटते. नवरा सुटला, तरी समाज आहे! पण १९८६ साली महाराष्ट्रात वक्फ मंडळ होते कुठे? १९५४ चा वक्फ कायदा राज्यात मराठवाड्यापुरता लागू होता आणि त्याचे मंडळ औरंगाबादेत बसत असे. मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र इथले वक्फ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरात होते. म्हणजे भेंडीबाजारातली किंवा चिपळूणची तलाकशुदा बाई कलम चारखाली कोर्टात गेली तर ज्या मंडळाकडे बोट दाखवायचे ते तिच्या जिल्ह्यासाठी अस्तित्वातच नव्हते. सगळ्या राज्यासाठी वक्फ मंडळ आले ते १९९५ च्या कायद्यानंतर, २००२ साली. सोळा वर्षे ही तरतूद अर्ध्याहून अधिक महाराष्ट्रात कागदावर लटकत राहिली. तमिळनाडूत मंडळ होते, तर तिथल्या मंडळाने आधी सगळ्या नातेवाइकांवर वेगवेगळे दावे लावा आणि मग आमच्याकडे या, असा पवित्रा घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो फेटाळला.

त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' असे शब्द होते. शाहबानोचे वकील डॅनियल लतीफी यांनी या कायद्याला आव्हान दिले होते. २८ सप्टेंबर २००१ रोजी निकाल लागला. कायदा टिकला, पण त्याचा अर्थ फिरला. इद्दतीच्या काळात नवऱ्याने बाईच्या पुढच्या आयुष्याची तजवीज केली पाहिजे, असे घटनापीठाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आदल्याच वर्षी असाच अर्थ लावला होता. या निकालाची चर्चा 'इद्दतीनंतरही पोटगी' एवढ्यावर झाली. पण तजविजीत काय काय येते हे सांगताना न्यायालयाने जी यादी दिली तिच्यात निवास पहिला आहे, अन्न आणि वस्त्र त्यानंतर. सूरह तलाकचा क्रमही तोच आहे. हा योगायोग असेलही.

याच निकालाच्या मागेपुढे मुंबईत दोन लहान गोष्टी घडत होत्या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ साली पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. पोलिसाच्या इमारतीत बसून समाजसेविका बाईचे म्हणणे ऐकून घेते, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे छळाचे कलम आले होते, त्याने नवऱ्याला तुरुंगात पाठवता येत होते. पण त्याला पाठवून संध्याकाळी बाईने सासूच्याच दारात जायचे, हा पेच कक्षातल्या बायकांना रोज सोडवावा लागे. दुसरी गोष्ट २००० सालची. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. मार लागलेल्या बाईला मलमपट्टी करून त्याच घरी परत पाठवणे बरे नाही, म्हणून तिला 'निरीक्षणाखाली' एकदोन दिवस वॉर्डात दाखल करून घेण्याची वाट तिथे काढली गेली. निवारागृह मिळेपर्यंत इस्पितळाची खाट हेच घर. सरकारी नियमांच्या चौकटीतून काढलेली ही पळवाट आम्हांला फार मोलाची वाटते.

मग आला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा. तो अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. स्टीफनच्या १८७२ नंतर सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी एकच असा हा कायदा, आणि गंमत म्हणजे शरीयतीत हस्तक्षेप म्हणून त्याच्याविरुद्ध रस्त्यावर कोणी उतरले नाही. कदाचित त्याच्यात तलाकचा शब्द नसल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नसावे. त्याचे सतरावे कलम सांगते की सामाईक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, मालकी कोणाचीही असो. एकोणिसावे कलम मॅजिस्ट्रेटला अधिकार देते, की बाईला बाहेर काढू नये असा हुकूम द्यावा, हवे तर पुरुषालाच बाहेर जायला सांगावे, किंवा तिला त्याच दर्जाची दुसरी जागा वा तिचे भाडे द्यायला लावावे. १९७५ साली इंदूरला जे घडले त्यावर देशाच्या कायद्याने उत्तर शोधायला एकतीस वर्षे लागली.

आणि कायदा अमलात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ डिसेंबर २००६ रोजी बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दार अर्धे लावून घेतले. सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले, किंवा नवरा ज्याचा सदस्य आहे अशा एकत्र कुटुंबाचे. सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क नाही. हा निकाल दिल्लीतल्या एका हिंदू कुटुंबाचा, पण त्याची झळ मुस्लिम सुनेला जास्त बसणारी होती, असे आमचे म्हणणे आहे. कारण उघड आहे. एकत्र कुटुंबाची सामाईक मिळकत ही हिंदू कायद्यातली कल्पना. मुस्लिम कायद्यात बाप जिवंत असेपर्यंत मिळकत बापाची, मुलाचा तिच्यात जन्मतः वाटा नसतो. तेव्हा बत्रा निकालाने सुनेसाठी जी एक फट ठेवली होती ती मुस्लिम सुनेसाठी नव्हतीच. मोमीनपुऱ्यातली पागडीची खोली सासऱ्याच्या नावे, झोपडीचा फोटोपास सासूच्या नावे, नवरा त्याच दहा बाय बारात राहणारा. घर कोणाचे, असे कोर्टाने विचारले की बाईचा दावा तिथेच कोसळायचा. चौदा वर्षे हे चालले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बत्रा निकाल चुकीचा ठरवला. नातेवाइकाच्या मालकीचे घर असले तरी ती तिथे संसार करून राहिली असेल तर ते सामाईक घर आहे, असे आता मानले जाते. त्याआधी २०१४ साली मुंबईतल्या एका मुस्लिम स्त्रीच्या खटल्यात, तलाक वा खुला झाला म्हणून त्याआधी झालेल्या हिंसेबद्दलची दाद बुडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते.

झोपडपट्टी पुनर्वसनात सदनिका नवराबायको दोघांच्या नावे द्यायची, प्रधानमंत्री आवास योजनेतले घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे करायचे, असे नियम मधल्या काळात झाले. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात या कागदाला काय किंमत आहे हे वकिलांना विचारावे. नाव असलेल्या बाईला घराबाहेर काढणे अवघड जाते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, २०१९ साली संसदेने तो गुन्हा केला. तीन वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्यात बाईसाठी दोन तरतुदी आहेत, निर्वाह भत्ता आणि अजाण मुलांचा ताबा. घराचा उल्लेख नाही. तलाक झालाच नाही असे कायदा म्हणतो, म्हणजे ती पत्नीच आहे. पण नवरा तुरुंगात आणि ती त्याच्या आईबापांच्या घरात, हे कसे निभावायचे ते तिचे तिने पाहावे. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातल्या एका प्रकरणात, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितले. (ते कलम त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नव्या संहितेत १४४ झाले आहे.) न्यायमूर्ती नागरत्ना यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात गृहिणीच्या आर्थिक सुरक्षिततेबरोबर निवासाच्या सुरक्षिततेचाही उल्लेख केला. वर्तमानपत्रांनी मथळा केला तो पोटगीचा.

राहता राहिली सरकारी निवारागृहे. केंद्र सरकारची अल्पकालीन निवासगृहांची योजना १९६९ ची, स्वाधार २००१ ची; पुढे दोन्ही मिळून स्वाधारगृह झाले आणि २०२२ पासून त्याला शक्तिसदन म्हणतात. २०१५ पासून 'सखी' केंद्रे आली, तिथे बाईला पाच दिवसांपर्यंत राहता येते. नावे बदलत गेली, पाट्या रंगवल्या गेल्या. नियमावल्या मात्र वाचण्यासारख्या आहेत. स्वाधारगृहाच्या नियमावलीत तीस बायकांचे एक घर असे. हिंसाचारातून आलेल्या बाईला एक वर्ष राहता येई, इतर निराधार बाईला तीन वर्षे. मार खाऊन आलेल्या बाईचा प्रश्न वर्षात सुटतो, असे नियम करणाऱ्याने का धरले असावे हे कळत नाही. तिचा खटला तरी वर्षात सुटतो का?

आणि मुलांचा नियम. स्वाधारगृहाच्या नियमावलीप्रमाणे अठरा वर्षांपर्यंतची मुलगी आईबरोबर राहू शकत असे, मुलगा मात्र आठ वर्षांपर्यंतचाच. बायकांच्या घरात मोठा मुलगा नको, हे समजण्यासारखे आहे. पण मोहल्ल्यातून तीन लेकरांसह निघालेल्या बाईने त्या घराच्या दारात उभे राहून मोठ्या मुलाचे वय सांगायचे असे. नववे लागलेले असेल तर तो बालगृहात जाई, नाहीतर ती जिथून निघाली त्याच घरी परत. अशा वेळी कित्येक बायका मुलाचा हात धरून तशाच परत जात.